दारात एक पेपर ठेवा

मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.



मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात नववी-दहावीला गणित शिकवते. शेअर बाजाराशी माझा संबंध एवढाच की दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. जीएसटी, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली, दलालीवरचा जीएसटी, म्युच्युअल फंडाचं युनिट, एसआयपी असं सगळं त्यात येतं. ‘शाळेत पैशाबद्दल काही शिकवतच नाहीत’ असं भाषणांतून हमखास ऐकू येतं. निदान आमच्या बोर्डाबाबत ते खरं नाही. शंभर शेअर घेतले, दलाली अमुक टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, तर खिशातून एकूण किती गेले, हे उदाहरण माझी मधल्या बाकावरची पोरंही सहसा चुकत नाहीत.

हीच पोरं कॉलेजात गेली, नोकरीला लागली, की मला मोबाइलवर लिंक पाठवतात. “मॅडम, हा कोर्स कसा आहे? करू का?” या प्रश्नाचं उत्तर देता देता मी स्वतःच असे बरेच कोर्स पाहिले, मोफतचेही आणि पैसे भरून घ्यायचेही. त्यातून एक मागणी पक्की झाली. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे कामाच्या घाईत आपण पुढचं वाचलं नाही तरी चालेल. ट्रेडिंग खात्यावर फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ, सुरू करून घेताना ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागतो. त्याच्याच जोडीला आपल्या मोफत गुंतवणूकदार परीक्षेत पास झाल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं करा. बाकीचं पत्र हे का, ते सांगण्यासाठी.

गैरसमज नको, म्हणून आमच्या भागाबद्दल दोन शब्द. इथला माणूस पैशाला बुजत नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायला पिढ्यान् पिढ्या देशभर गेली, अनोळखी शहरांच्या सराफ कट्ट्यांवर दुकानं थाटून बसली. गावात यंत्रमाग आहेत, पतसंस्था आहेत, भिशी तर गल्लोगल्ली. भिशीचा लिलाव बोलताना बायका मनातल्या मनात जे व्याज काढतात ते माझ्या वर्गात फळ्यावर मांडायला अर्धा तास लागेल. तेव्हा ‘ग्रामीण भागात आर्थिक अज्ञान’ वगैरे मथळ्याखाली आमची नोंद करू नका. हिशेब येतो. समोर जे ठेवलं जातंय त्याला कुठला हिशेब लावायचा, ते मात्र कुणी सांगत नाही.

आता तो विकतचा कोर्स. बहुतेकांचा साचा एकच. रात्री अकराला इन्स्टाग्रामवर जाहिरात येते, ९९ रुपयांचा वेबिनार. रविवारी दोन तास. पहिला तासभर सरांची जीवनकथा: नोकरीतला अपमान, कर्ज, मग बाजार आणि मग गाडी. पुढचा काही वेळ कँडल कशी वाचायची, सपोर्ट कुठं, रेझिस्टन्स कुठं. उदाहरणं सगळी जुन्या चार्टवरची, त्यामुळं प्रत्येक बाण बरोबर जागी. शेवटच्या अर्ध्या तासात खरा विषय निघतो. पन्नास हजारांची ‘मेंटॉरशिप’ आज रात्री बारापर्यंत आठ हजारांत. सोबत डीमॅट उघडायची लिंक. या लिंकनेच उघडलं तर ग्रुपमध्ये प्रवेश. त्या लिंकमागं सरांचं कमिशन आहे का, हा प्रश्न मी चॅटमध्ये टाकला. उत्तर आलं नाही, थोड्या वेळानं माझं चॅट बंद झालं.

आणि एक वाक्य प्रत्येक ठिकाणी: “महिन्याला दहा टक्के तरी आरामात निघतात.” आरामात! चक्रवाढ व्याज आम्ही आठवीतच शिकवतो. दरमहा दहा टक्क्यांनी एका लाखाचे वर्षाअखेर तीन लाख चौदा हजारांच्या जवळ जातात. इथवर पोरांना ते शक्य वाटतं. पाच वर्षांचं गणित करायला लावलं की तीन कोटींहून जास्त येतात, आणि दहा वर्षांचे जवळजवळ ९२७ कोटी. वर्गात हे आकडे फळ्यावर आले की हशा होतो. पोस्टाचं किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांनी पैसे दुप्पट करायला ११५ महिने घेतं, आणि इकडं सर आठ महिन्यांत दुप्पट करून देणार. असं ज्याला जमतं तो ९९ रुपयांचं तिकीट कशाला विकेल, हे पंधरा वर्षांच्या पोराला लगेच कळतं. बाविसाव्या वर्षी तोच पोरगा आठ हजार भरतो. मधल्या सात वर्षांत गणित विसरलेलं नसतं. मित्रानं पाठवलेला नफ्याचा स्क्रीनशॉट पाहिला की चक्रवाढ आठवायला कुणाला सवड असते?

अशा दुकानांवर आपण कारवाई करता, हे मी वाचलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ या नावानं कोर्स विकणाऱ्यावर आपण अंतरिम आदेश काढला आणि १७ कोटी २० लाख रुपये जमा करायला सांगितलं. त्या आदेशातला एक आकडा मी वर्गात सांगते. इतरांना नफा शिकवणाऱ्या या गृहस्थांचा स्वतःचा ट्रेडिंगमधला निव्वळ तोटा जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात २ कोटी ८९ लाख होता. पोरं या आकड्यावर जेवढी गप्प होतात तेवढी कुठल्याच सूचनेवर होत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आपण आणखी एक चांगलं काम केलंत. जो फक्त शिक्षण देतो म्हणतो त्याला मागच्या तीन महिन्यांतल्या भावांचा दाखला देऊन एखाद्या शेअरबद्दल बोलता येणार नाही, असा नियम आणलात. शिक्षणाच्या बुरख्याआड ‘उद्या हा घ्या’ सांगणाऱ्यांना त्यामुळं थोडा तरी चाप बसला.

पण साहेब, या नियमानं टिप बंद होते, शिकवणं तसंच राहतं. चार महिन्यांपूर्वीच्या चार्टवर ऑप्शन कसा घ्यायचा हे आजही खुशाल शिकवता येतं, आणि त्यात बेकायदा काहीच नाही. ज्याला नफ्या-तोट्याच्या शक्यतेबद्दल एक ओळही सांगितलेली नाही त्याला ‘हिरो-झिरो’, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असा सौदा, शिकवणं हा गुन्हा नाही. नसेल. पण मग त्याच्यासमोरचं एफ अँड ओचं दार तरी इतकं सताड उघडं कशाला?

दाराच्या पलीकडं काय आहे ते आपल्याच अहवालांत आहे. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणारे वैयक्तिक ट्रेडर एक कोटीहून जास्त; त्यातले ९३ टक्के तोट्यात, खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींवर. त्यातल्या पाऊणशे टक्क्यांहून अधिकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलेलं. म्हणजे वर्षाला चार लाख मिळवणाऱ्यानं तीन वर्षांत दोन लाख घालवलेले. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. आणि हे सगळं मुंबई-पुण्यातलं असेल म्हणावं तर तेही नाही. २०२४ मध्ये ७२ टक्के ट्रेडर पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे आमच्यासारख्या गावांतले. आपण नोव्हेंबर २०२४ पासून करारांचा आकार वाढवलात, एका बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे करार संपण्याचा दिवस, ठेवायला लावलीत, तरीही पुढच्या वर्षी ९१ टक्के तोट्यातच राहिले आणि एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर गेला. मंगळवारी निफ्टीची एक्स्पायरी असते. विट्यात मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास चहाच्या गाड्यावर जरा उभं राहून बघावं. चहा निवतो, कुणाचं लक्ष नसतं.

समोरच्या बाजूला कोण बसलंय, हे कुठल्याही विकतच्या कोर्सनं मला सांगितलं नाही. तेही आपल्याच अहवालात आहे. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक ट्रेडर आणि तत्समांचा खर्चापूर्वीचा तोटा ६१ हजार कोटी. त्याच वर्षी बड्या संस्थांच्या स्वतःच्या पैशावरच्या ट्रेडिंगला ३३ हजार कोटींचा आणि परदेशी संस्थांना २८ हजार कोटींचा नफा, आणि या दोघांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वाटा संगणकी अल्गोंचा. बेरीज आठवीच्या पोरांनाही जमेल. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा, वर दलाली, बाजाराची फी आणि कर वेगळे. जुलै २०२५ मध्ये जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध आपण अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी अडकवलेत. कंपनीला आरोप मान्य नाहीत, त्याचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल. मला त्यातून पोरांना एवढंच दाखवायचं असतं की आठ हजारांची मेंटॉरशिप घेऊन तू ज्या मैदानात उतरतोयस तिथं समोर कुठल्या ताकदीचा गडी उभा आहे.

आपण धोक्याची सूचना देता, हे खरं. जुलै २०२३ पासून ब्रोकरच्या ॲपमध्ये शिरताना चौकट येते: दहापैकी नऊ जण तोट्यात गेले, सरासरी तोटा पन्नास हजारांच्या घरात, तोट्याच्या वर आणखी २८ टक्के व्यवहारखर्च. छान लिहिली आहे, मोजकी आणि खरी. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी विचारलं, त्या चौकटीत काय लिहिलंय? तो म्हणाला, “मॅडम, ते ओके करायचं असतं.” रोज सकाळी सव्वानऊच्या आधी ओके करायची गोष्ट कुणी वाचत नाही. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र बघून कुणाची तल्लफ जात नाही, तसंच हे.

शिकण्याची साधनं नाहीत, अशीही तक्रार नाही. उलट आज जेवढं चांगलं फुकट मिळतं तेवढं माझ्या तरुणपणी पैसे देऊनही मिळत नव्हतं. आपली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, एनआयएसएम, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिच्या मदतीनं आपण गुंतवणूकदारांसाठी मोफत, ऐच्छिक अशी ऑनलाइन परीक्षा ठेवली आहे आणि तिचं अभ्याससाहित्यही मोफत. मी ते वाचलं. थोडं कोरडं आहे, पण कोरडं असणं हा पाठ्यपुस्तकाचा दोष मी तरी मानत नाही. त्यात बचत आणि गुंतवणूक यांतला फरक, महागाई, जोखीम, केवायसी, नॉमिनी, म्युच्युअल फंडाचे खर्च, तक्रार कुठं करायची, फसव्या योजना ओळखायच्या कशा, हे सगळं आहे. या विषयात पाया म्हणतात तो एवढाच. महिनाभर रोज थोडा वेळ दिला तर पुरतो. त्याच्यापुढं जे आहे ते बहुतेकांना आयुष्यभर लागत नाही.

त्याचा उपयोग काय होतो, तेही सांगते. माझी एक माजी विद्यार्थिनी पुण्यात नर्स आहे. रात्रपाळीत वेळ मिळेल तसं तिनं मोफत धडे ऐकले. बाजार नाही खेळली. तिनं घरातली कागदपत्रं काढून तपासली. तिची एसआयपी म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर योजनेत होती, म्हणजे मधल्या वितरकाचं कमिशन तिच्याच पैशातून दरवर्षी जात होतं. डायरेक्ट योजना २०१३ पासून आहेत हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगेल कोण? सांगणाऱ्याचंच कमिशन बुडतं. आम्ही दोघींनी फोनवर गणित केलं. महिना पाच हजार, वीस वर्षं. परतावा बारा टक्के धरला, जो मिळेलच असं कुणी म्हणू नये, तर सुमारे पन्नास लाख होतात. खर्चात एक टक्का जास्त गेला, म्हणजे हातात अकरा आले, तर साधारण पावणेचव्वेचाळीस लाख. फरक सव्वासहा लाखांचा, आणि तो एका टक्क्याचा. ज्याला सल्ला लागतो त्यानं सल्ल्याचे पैसे जरूर द्यावेत, त्यात गैर काही नाही; पण देतोय हे माहीत तरी असावं.

दुसरं गणित तिच्या भावाच्या मोटारसायकलच्या कर्जाचं. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, “फक्त बारा टक्के, फ्लॅट.” एक लाख कर्ज, तीन वर्षं, व्याज छत्तीस हजार, हप्ता ३,७७८ रुपये. हिशेब सोपा वाटतो. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र तीन वर्षं पूर्ण लाखावर आकारलं जातं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर एकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. एकवीस टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना बारा टक्क्यांच्या आशेनं एसआयपी करणाऱ्याला पहिला सल्ला ‘आधी कर्ज फेड’ हाच असायला हवा. हे सांगायला मार्केट गुरू लागत नाही. आणि विकतच्या कुठल्याही वेबिनारमध्ये मी हे ऐकलेलं नाही, कारण कर्ज फेडणाऱ्याकडून कुणाला दलाली मिळत नाही. मला विचाराल तर गुंतवणुकीच्या शिक्षणाची सुरुवात शेअरपासून करूच नये, कर्जापासून करावी. मग सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी, मग मुदतीचा विमा आणि आरोग्यविमा, मग बाकीचं.

तर प्रश्न चांगल्या धड्यांचा नाही. ते आहेत, पण त्यांच्याकडं जायचं माणसानं स्वतःहून, वेबसाइट शोधून. विकतचा कोर्स मात्र रात्री अकराला माणसाच्या उशाशी येतो. ही शर्यत जाहिरातींनी आपण जिंकाल असं मला वाटत नाही. आपल्या जाहिराती कितीही चांगल्या केल्यात तरी त्यात गाडी दाखवता येणार नाही. तुमच्याकडं एकच गोष्ट अशी आहे जी त्या सरांकडं नाही: दार तुमच्या ताब्यात आहे. दुचाकीच्या लर्निंग लायसन्सला चिन्हं ओळखायची चाचणी द्यावी लागते. गाडी बापाची असली तरी. एफ अँड ओला मात्र बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट किंवा विवरणपत्र दाखवलं की झालं. म्हणजे पैसे आहेत का ते बघायचं, समज आहे का ते नाही.

माझ्या मागणीवर आक्षेप येतील, ते मलाही दिसतात. ‘सुजाण प्रौढ माणसाला अडवणारे आपण कोण?’ अडवू नकाच. परीक्षा मोफत, कितीही वेळा द्या, पास व्हा आणि जा. साधा शेअर, म्युच्युअल फंड, रोखे घेणाऱ्याला हात लावू नका. त्याला परीक्षा लावली तर तो पुन्हा सोन्याकडं आणि दामदुप्पटवाल्यांकडं वळेल. ‘लोक उत्तरं पाठ करतील, कुणीतरी परीक्षेचाही कोर्स काढील.’ काढील ना. दहावीचेही काढलेत. पण उत्तरं पाठ करता करता ‘दहापैकी नऊ’ हा आकडा एकदा तरी डोक्यातून जाईल, आणि ओके करण्यापेक्षा ते बरंच. ‘ब्रोकरांचा धंदा बसेल.’ यावर मी काही बोलत नाही. आपणच ठरवा.

एक विनंती मात्र परीक्षेच्या प्रश्नांबद्दल आहे, कारण ते माझं क्षेत्र. ‘सेबीची स्थापना केव्हा झाली’ असले प्रश्न घालू नका. १९८८ मध्ये झाली आणि १९९२ च्या कायद्यानं अधिकार मिळाले, हे मला माहीत आहे, त्यानं माझा एक रुपया वाचलेला नाही. आकडे द्या आणि करायला लावा. महिना दहा टक्क्यांचं पाच वर्षांचं गणित घाला. एक ऑप्शन घ्या, प्रीमियम, दलाली, कर सगळं द्या आणि विचारा, निर्देशांक किती हलला म्हणजे हा माणूस बरोबरीत येतो? तोच निर्देशांक एक्स्पायरीपर्यंत जागचा हलला नाही तर त्याच्या हातात काय उरतं? फ्लॅट व्याजाचा खरा दर काढायला लावा. एखाद्या अनोळखी ॲपमध्ये पैसे पाठवायला सांगितलं तर आपल्या ‘सेबी चेक’ सुविधेवर यूपीआय आयडी कसा पडताळायचा आणि फसल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन किती लवकर करायचा, ते विचारा. प्रश्न मराठीत असतील आणि पोरांच्या पाठ्यपुस्तकातले शब्द त्यात येतील, तर आमच्याकडच्या मुलांना ते परके वाटणार नाहीत. प्रश्न काढायला माणसं हवी असतील तर गणिताच्या शिक्षकांना बोलवा. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळे असतो आणि चुकीचे पर्याय बरोबर वाटतील असे लिहिण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

सक्ती करायला नियम बदलावे लागतील, सल्लामसलतीचा मसुदा निघेल, हरकती येतील, वेळ जाईल, हे समजतं. तोवर एक काम करता येईल. आमच्या शाळेत संगणक कक्ष आहे. दहावी-बारावी होऊन गेलेली, अठरा पूर्ण झालेली, खातं उघडायच्या बेतात असलेली पंचवीस-तीस मुलं-मुली मी गोळा करते. एनआयएसएमचं कुणी पाताळगंगेहून येऊन दोन दिवस त्यांना शिकवावं आणि तिसऱ्या दिवशी हीच परीक्षा घ्यावी. वर्षभरानं त्यांच्यातले किती जण एफ अँड ओत गेले आणि किती गेले नाहीत, ते मी लिहून ठेवीन आणि आपल्याला कळवीन. मंगळवार सोडून कुठलीही तारीख चालेल.

आपली विश्वासू,
गणिताची एक शिक्षिका,
विटा, ता. खानापूर, जि. सांगली